आलेले पाणी आणि गेलेले पाणी

बडोदे शहराच्या जुन्या वस्तीत, चारी दरवाजांकडून येणारे रस्ते जेथे एकमेकांस मिळतात, तेथे मांडवीची इमारत उभी आहे. पश्चिमेस लहेरीपुरा, पूर्वेस पाणीगेट, उत्तरेस चांपानेर आणि दक्षिणेस गेंडीगेट असे चार दरवाजे, आणि त्यांच्या मध्यभागी ही चौकोनी, कमानदार मांडवी. मांडवी या शब्दाचा जुना अर्थ जकातीची जागा असा आहे. गावात काय माल आला, किती आला, याची मोजदाद अशा जागी होत असे. गावातून काय बाहेर गेले याची चौकशी करण्याचे कारण सहसा पडत नसे. धान्य, कापड, तेल यांच्या बाबतीत ही रीत चालून गेली. पाण्याच्या बाबतीत ती चालत नाही. धान्य खाऊन संपते, तेल जळून संपते. पाणी मात्र वापरले म्हणून संपत नाही. घरात आलेल्या पाण्यातील बहुतेक सर्व पाणी त्याच दिवशी घराबाहेर पडते. फरक इतकाच, की येताना ते पाणी असते आणि जाताना ते सांडपाणी असते. या दुसऱ्या प्रवासाकडे जी शहरे दुर्लक्ष करतात, त्यांना त्याची किंमत आजारांच्या रूपाने, पुराच्या रूपाने आणि कधी कधी प्राणहानीच्या रूपाने मोजावी लागते.

नळ येण्यापूर्वी बडोद्याची तहान विहिरी, वावा आणि तलाव यांवर भागत असे. नवलखी वावेसारखी भव्य बांधकामे त्या काळाची साक्ष देतात. शहराच्या पश्चिम अंगास असलेला सूरसागर हा मूळचा चंदन तलाव. अठराव्या शतकात सुरेश्वर देसाई यांनी तो बांधून काढला आणि त्यांच्या नावावरून त्यास आजचे नाव पडले, असे सांगतात. वावा आणि तलाव दिसावयास सुंदर खरे. परंतु ज्या पाण्यात माणसे पायऱ्यांनी उतरतात, ते पाणी निर्मळ राहणे कठीण. नारूचा रोग पसरे तो याच मार्गाने. नारू झालेला मनुष्य पाण्यात पाय घाली, जंताची पिल्ले पाण्यात सुटत, आणि तेच पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पोटात नवा जंत वाढू लागे. पटकीचे दुखणेही पाण्यातूनच येत असे. भारत नारूमुक्त झाल्याची नोंद सन २००० मध्ये झाली. पश्चिम आफ्रिकेतील नायजेरिया आणि घाना या देशांना ती मजल त्यानंतर, सन २०१३ आणि २०१५ मध्ये गाठता आली.

श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनी डिसेंबर १८८१ मध्ये राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली. राजधानीस शुद्ध पाणी आणणे हे त्यांनी हाती घेतलेल्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक होय. मुंबईस विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये नळाने आले होते. बडोद्यासही तसे पाणी मिळावे, ही त्या काळी मोठीच आकांक्षा होती. शहराच्या पूर्वेस सुमारे २० किलोमीटर अंतरावर अजवा येथे, विश्वामित्रीची उपनदी जी सूर्या, तिचे पाणी मातीच्या लांबलचक बांधाने अडविण्याचे ठरले. १८८५ मध्ये काम सुरू झाले आणि १८९२ मध्ये ते पुरे झाले. अभियंते जगन्नाथ सदाशिवजी यांचे नाव या कामाशी निगडित आहे. तलावास सयाजी सरोवर असे नाव देण्यात आले. या योजनेचे विशेष हे, की तलावाची जागा शहरापेक्षा उंच असल्यामुळे पाणी केवळ उताराने शहराकडे येते. ते चढविण्यासाठी वाफेचे वा विजेचे यंत्र लागत नाही. वाटेवर निमेटा येथे ते शुद्ध केले जाते.

१८९१ च्या शिरगणतीत बडोदे शहराची वस्ती सुमारे १ लक्ष १६ हजार होती. २०११ मध्ये ती १६ लक्ष ७० हजारांच्या घरात गेली. एकट्या अजव्याच्या पाण्यावर एवढ्या वस्तीचे भागणे शक्यच नव्हते. म्हणून उत्तरेकडील मही नदीच्या पात्रात फाजलपूर, रायका, दोडका आणि पोईचा येथे फ्रेंच विहिरी खोदण्यात आल्या. या विहिरींची रचना मोठी युक्तीची असते. नदीच्या वाळूत एक रुंद विहीर खोल उतरवितात आणि तिच्या तळाशी, चाकाच्या आऱ्यांप्रमाणे, चोहोबाजूंनी छिद्रांचे आडवे नळ वाळूत घुसवितात. नदीचे पाणी वाळूच्या जाड थरातून झिरपत त्या नळांत येते. येताना ते गाळले जाते. निसर्गाने ठेवलेल्या गाळणीचा हा उपयोग होय. पुढे नर्मदेच्या कालव्याचे पाणीही शहरास मिळू लागले.

येथपर्यंतची हकिकत समाधानाची आहे. परंतु ती अर्धीच आहे. घडियाळी पोळीतील किंवा नरसिंहजीच्या पोळीतील एखाद्या जुन्या घराचा विचार केल्यास उरलेली अर्धी गोष्ट ध्यानात येते. पाणी विहिरीवरून डोईवर आणावे लागे, तेव्हा ते जपून वापरले जाई. एका माणसाच्या वाट्यास दिवसाकाठी दोन-तीन घागरी येत. त्यांचे सांडपाणी ते किती असणार? अंगणातील मोरीवाटे ते खाळकुव्यात जाई आणि जमिनीत मुरे. संडास टोपलीचे असत, आणि त्यांतील मैला डोक्यावरून वाहून नेण्याचे काम समाजाने काही विशिष्ट जातींच्या माथी मारलेले होते. नळ आल्यावर हे सारे गणित बदलले. पाणी घरात, मग माडीवर आले, न्हाणीघर आले, पाठोपाठ पाण्याचे संडास आले. आज भुयारी गटारांची सोय असलेल्या शहरांसाठी दरमाणशी दररोज १३५ लिटर पाणी हे आपल्याकडील अभियंत्यांचे प्रमाण आहे, आणि त्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन परत येते असे ते धरून चालतात. २०११ च्या वस्तीस हे प्रमाण लावून पाहिले, तर दररोज सुमारे २२ कोटी लिटर पाणी शहरात यावे आणि सुमारे १८ कोटी लिटर सांडपाणी शहराबाहेर पडावे, असा हिशेब निघतो. एवढे पाणी खाळकुव्यात मुरत नाही. ते वाट शोधते, आणि उताराने जात जात नदीला मिळते.

बडोद्याची ही नदी म्हणजे विश्वामित्री. पावागडच्या डोंगरात तिचा उगम होतो. नागमोडी वळणे घेत ती शहरातून जाते, पुढे ढाढर नदीस मिळते आणि तिचे पाणी अखेर खंभातच्या आखातास पोहोचते. शहर ज्या अजव्याचे पाणी पिते, तो तलाव तिच्याच खोऱ्यातला. म्हणजे एकाच नदीच्या वरच्या अंगाचे पाणी शहर पिते आणि खालच्या अंगास आपला मैला सोडते. वाहत्या नदीस थोडीफार घाण पचविण्याची शक्ती निसर्गाने दिलेली आहे. पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो. त्याच्या आधारे सूक्ष्म जंतू घाणीचे विघटन करतात, आणि हवेतून पाण्यास पुन्हा प्राणवायू मिळतो. परंतु पावसाळ्यानंतर विश्वामित्रीला वरून येणारे पाणी अगदी थोडे असते. अशा क्षीण प्रवाहात शहराचे सांडपाणी पडले, की प्राणवायू घेतला जातो अधिक आणि मिळतो कमी. मासे मरतात, पाणी काळे पडते, दुर्गंधी सुटते. भरवस्तीत मगरी बाळगणारी ही नदी देशात आगळी समजली जाते. मगर हवेत श्वास घेते म्हणून ती तगून राहते. तिच्या राहण्यावरून नदी निरोगी असल्याचा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. मे २०२१ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या नदीच्या संरक्षणासाठी आदेश दिले, यावरून तिची स्थिती किती चिंतेची झाली होती हे दिसून येते.

पुराचा प्रश्नही याच प्रश्नाशी जोडलेला आहे. बडोद्यात पावसाचे पाणी वाहून नेणारे जुने नाले आहेत. त्यांना तेथे कांस म्हणतात. भूखी कांस, मसिया कांस, रूपारेल कांस ही नावे बडोदेकरांच्या तोंडी आहेत. हे नाले पावसाचे पाणी नदीत नेऊन सोडण्यासाठी आहेत. परंतु त्यांत बारमाही सांडपाणी शिरले, गाळ आणि कचरा साचला, काठावर बांधकामे चढली, की पावसाच्या पाण्यास जागा उरत नाही. ३१ जुलै २०१९ या एकाच दिवशी शहरात सुमारे २० इंच पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर मजल मारली आणि शहराचा मोठा भाग दिवसेंदिवस पाण्यात राहिला. नदी एवढी चढली, म्हणजे नाल्यांचे आणि गटारांचे तोंडच बुजते. जे पाणी बाहेर जावयाचे ते उलटे फिरते आणि संडासाच्या व मोरीच्या वाटेने घरात येते. पूर ओसरल्यावर मागे राहणारा चिखल केवळ नदीचा नसतो, तो गटाराचाही असतो. पुरानंतर येणाऱ्या आजारांचे मूळ येथे आहे.

सांडपाण्याचे शुद्धीकरण ही गोष्ट ऐकावयास अवघड वाटते, परंतु तिचे तत्त्व सोपे आहे. नदी जे काम मैलोगणती वाहत जाऊन करते, तेच काम थोड्या जागेत आणि थोड्या वेळात करून घ्यावयाचे. प्रथम पाणी लोखंडी जाळीतून सोडतात. चिंध्या, काड्या, कागद तेथे अडतात. मग ते एका अरुंद हौदातून संथ वाहू देतात. वाळू आणि खडे तळाशी बसतात. त्यानंतर मोठ्या हौदात ते काही तास निवत ठेवतात. जड मैला खाली बसतो. एवढे झाल्यावरही पाण्यात विरघळलेली घाण उरतेच. तिच्यासाठी जंतूंना कामास लावावे लागते. पाण्यात यंत्राने हवा खेळविली म्हणजे प्राणवायूवर जगणारे जंतू भराभर वाढतात आणि घाण खाऊन टाकतात. मग त्या जंतूंचा गाळ खाली बसवून काही भाग पुन्हा पहिल्या हौदात सोडतात. दह्यास विरजण लावावे तशीच ही रीत. इंग्लंडात मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी १९१४ मध्ये ही पद्धती प्रसिद्ध केली. आजही जगातील असंख्य शहरांचे सांडपाणी तिच्या आधारे शुद्ध होते. उरलेल्या गाळापासून जळाऊ वायू मिळतो आणि खतही होते.

बडोद्यात गाजरावाडी, तरसाली, अटलादरा, कपुराई या ठिकाणी अशी शुद्धीकरण केंद्रे आहेत. तथापि केंद्र असणे आणि शहराचे सर्व सांडपाणी त्या केंद्रापर्यंत पोहोचणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा दोष एका शहराचा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे भारतातील नागरी भागांत दररोज सुमारे ७२ हजार दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते. ते शुद्ध करण्यासाठी उभारलेली क्षमता जवळजवळ ३२ हजार दशलक्ष लिटरांची होती, आणि प्रत्यक्षात शुद्ध होत होते ते सुमारे २० हजार दशलक्ष लिटर. निम्म्याहून कमी सांडपाण्याची सोय, आणि जी सोय आहे तिचाही पुरता वापर नाही, असा याचा सरळ अर्थ आहे.

सांडपाणी नदीत गेले तर नदीचे काय व्हावयाचे ते होवो, नळाचे पाणी तर शुद्धच आहे, असे समाधान पुष्कळ लोक मानतात. हे समाधान खोटे आहे. जुन्या पेठांतून पाण्याचा नळ आणि गटाराचा नळ अरुंद गल्लीत जवळजवळ टाकलेले असतात. दोन्ही जुने, दोहोंनाही कोठे ना कोठे गळती लागलेली. नळात पाणी जोराने वाहत असते तोवर गळतीतून पाणी बाहेर पडते आणि धोका कमी राहतो. परंतु आपल्याकडील बहुतेक शहरांत पाणी दिवसातून काही वेळच सोडतात. पाणी बंद झाले की नळ रिकामा होतो, त्यातील दाब नाहीसा होतो, आणि बाहेरच्या ओल्या मातीतील गटाराचे पाणी त्याच गळतीतून आत शिरते. दुसऱ्या दिवशी पाणी सुटले, म्हणजे ते प्रथम घरोघरी जाते. त्यातच लोक पाणी लवकर आणि पुष्कळ मिळावे म्हणून नळास थेट मोटर लावतात. मोटर नळातील पाणी खेचते, आणि गळतीच्या जागी बाहेरची घाणही आत खेचते. एका घराच्या सोयीसाठी साऱ्या पोळीच्या पाण्यात विष कालविले जाते. विषमज्वर, कावीळ, अतिसार हे रोग पावसाळ्याच्या तोंडी जुन्या पेठांतून डोके वर काढतात, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

ही अडचण केवळ भारताची आहे असेही नाही. भारताप्रमाणेच परकीय अमलातून बाहेर पडून झपाट्याने वाढलेली पश्चिम आफ्रिकेतील शहरे याच फेऱ्यात सापडलेली आहेत. नायजेरियातील लागोस शहरासाठी इजू येथील पाणीपुरवठा केंद्र इंग्रजांच्या अमदानीत १९१० मध्ये सुरू झाले. त्यानंतर शहर शेकडो पटींनी वाढले. आज तेथील बहुसंख्य घरांना नगरपालिकेचा नळही नाही आणि भुयारी गटारही नाही. घराच्या आवारातच एका बाजूस कूपनलिका आणि दुसऱ्या बाजूस संडासाची टाकी, असा प्रकार सर्रास आढळतो. हातगाडीवर पाण्याचे डबे रचून घरोघर विकणारा ‘मै रुवा’ हा तेथील गल्लोगल्लीचा ओळखीचा माणूस आहे. गरीब मनुष्य त्याच्याकडून पाणी विकत घेतो, आणि नळ असलेल्या श्रीमंतापेक्षा लिटरमागे अधिक पैसे देतो.

घाना देशाची राजधानी अक्रा. तेथे अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या पिशवीत पिण्याचे पाणी विकले जाते. रिकाम्या पिशव्या नाल्यांत जातात, नाले तुंबतात आणि पहिल्या मोठ्या पावसात शहर बुडते. घरोघरच्या संडासांच्या टाक्यांतील मैला गाड्यांतून समुद्रकिनारी नेऊन वर्षानुवर्षे तसाच समुद्रात सोडीत असत. त्या जागेस लोकांनी थट्टेने ‘लॅव्हेंडर हिल’, म्हणजे सुगंधी फुलांची टेकडी, असे नाव दिले होते. पुढे तेथे शुद्धीकरण केंद्र उभे राहिले. परंतु तत्पूर्वी, २०१४ मध्ये, घानात पटकीची साथ आली. २८ हजारांहून अधिक लोकांना तिची बाधा झाली, दोनशेंहून अधिक दगावले, आणि सर्वांत अधिक तडाखा बसला तो अक्रालाच.

सर्वांत बोधप्रद उदाहरण सेनेगालची राजधानी डाकार हिचे आहे. हे शहर समुद्रात शिरलेल्या वाळूच्या भूशिरावर वसलेले. तेथे पिण्याचे पाणी अंशतः थियारोय भागातील भूगर्भातून उपसून घेत आणि अंशतः सुमारे २५० किलोमीटर दूर असलेल्या गीर सरोवरातून नळाने आणीत. पीकीन आणि गेजवाय ही उपनगरे वाढली, पण तेथे गटारे झाली नाहीत. लाखो लोकांचे सांडपाणी खड्ड्यांतून वाळूत मुरू लागले. त्यामुळे भूगर्भातील पाण्यात नायट्रेटचे प्रमाण वाढले आणि ते पिण्यास अयोग्य ठरले. उपसा कमी करावा लागला. दुरून येणारे पाणी वाढविण्यात आले. म्हणजे जमिनीतून निघणारे पाणी घटले आणि जमिनीत मुरणारे पाणी वाढतच गेले. परिणामी भूगर्भातील पाण्याची पातळी वर चढली. २००५ पासून जोराचा पाऊस झाला की या उपनगरांतील सखल वस्त्यांत पाणी साचते आणि महिनोन्‌महिने हटत नाही. मातीखालून पाणी वर येते आणि घराची जमीन ओलीच राहते. दुरून पाणी आणण्याचा खर्च केला, परंतु वापरलेले पाणी बाहेर नेण्याचा खर्च टाळला. तो टाळलेला खर्च पुराच्या रूपाने परत आला. अजव्याचे पाणी पिणाऱ्यांनी आणि महीचे पाणी पिणाऱ्यांनी हा धडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

या साऱ्या हिशेबात एक नोंद अशी आहे, की तिच्यापुढे पैशाचा विचार थिटा पडतो. ती म्हणजे गटारात आणि मैल्याच्या टाकीत उतरणाऱ्या माणसाचा जीव. बंद टाकीत मैला कुजतो, तेव्हा हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू तयार होतो. थोड्या प्रमाणात त्यास सडक्या अंड्यांसारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला असे वाटते, आणि नेमक्या त्याच क्षणी मनुष्य कोसळतो. त्याला वाचविण्यास दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा. जून २०१९ मध्ये बडोदे जिल्ह्यातील डभोईजवळ फरतीकुई गावी एका हॉटेलची टाकी साफ करताना असेच घडले. एक गेला, तो वर आला नाही. त्याच्यासाठी इतर उतरले. चार सफाई कामगार आणि हॉटेलातील तीन नोकर, असे सात जण एका रात्रीत मरण पावले.

हा प्रश्न नवा नाही. भंगीकामाची स्थिती पाहण्यासाठी मुंबई राज्याने १९४९ मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बडोदे संस्थान त्याच वर्षी मुंबई राज्यात विलीन झाले. कोकणात कणकवली येथे अप्पासाहेब पटवर्धन यांनी स्वतः मैला उचलून आणि सुधारलेले संडास बांधून, हे काम एका जातीचे नसून सर्वांचे आहे, हे आचरणाने दाखविले. हाताने मैला उचलण्यास आणि संरक्षक साधनांवाचून माणसास गटारात उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांस १० लक्ष रुपये द्यावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला, आणि २०२३ मध्ये ती रक्कम ३० लक्ष रुपये केली. परंतु भरपाई हे मरणाचे मोल नव्हे. टाकी उपसण्यासाठी यंत्राची गाडी बोलावण्याचा खर्च वाचविण्याकरिता जो घरमालक वा हॉटेलमालक माणूस उतरवितो, तो कायदा मोडतोच. शिवाय दुसऱ्याच्या जिवावर आपली काटकसर करतो.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट म्हणजे हिशेब दोन्ही बाजूंचा ठेवणे. नवी वसाहत उठली, की तेथे नळ केव्हा येणार हे लोक विचारतात. गटार कोठे जाणार आणि ते कोठे शुद्ध होणार, हेही त्यांनी तितक्याच आग्रहाने विचारले पाहिजे. दुसरी गोष्ट, पावसाचे पाणी आणि सांडपाणी यांच्या वाटा वेगळ्या राखणे. कांस पावसासाठी आहे. तीत चोरवाटेने घराचे गटार जोडणे हे शेजाऱ्याच्या घरात पूर सोडण्यासारखेच आहे. तिसरी गोष्ट, शुद्ध केलेल्या सांडपाण्यास गिऱ्हाईक मिळविणे. नागपूरचे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्रास पुरविले जाते. सुरतेने २०१४ पासून बमरोली येथील केंद्राचे पाणी पांडेसरा येथील कारखान्यांना विकण्यास आरंभ केला. कारखान्यास जेवढे असे पाणी मिळेल, तेवढे तलावाचे आणि नदीचे पाणी पिण्यासाठी वाचेल. आणि ज्या वस्तूची किंमत येते ती वाया घालविण्याचा मोह कमी होतो. बडोद्याभोवती कारखान्यांची वाण नाही. कारखान्यांचे दूषित पाणी वेगळे वाहून नेण्यासाठी सुमारे ५६ किलोमीटर लांबीचा कालवा या परिसरात १९८३ पासून आहे. तेव्हा सांडपाण्यासाठी मोठ्या योजना आखणे या भागास नवे नाही.

काही गोष्टी मात्र घरातल्या घरातच करण्याजोग्या आहेत. नळास थेट मोटर लावू नये. पाणी आधी जमिनीलगतच्या टाकीत पडू द्यावे आणि मग तेथून वर चढवावे. पाणी सुटल्याबरोबर येणारा पहिला प्रवाह पिण्यासाठी भरू नये. पाण्यास वास वा रंग दिसला, तर केवळ आपल्या घरापुरते गाळण्याचे यंत्र घेऊन स्वस्थ न बसता महानगरपालिकेस कळवावे. कारण ज्याला यंत्र परवडत नाही, तो शेजारी तेच पाणी पीत असतो. शंका असेल तेव्हा पाणी खळखळून उकळावे. चिंध्या, प्लास्टिक आणि स्वयंपाकाचे तेल मोरीत टाकू नये. गटार तुंबते ते बहुधा यांच्यामुळे, आणि गटार तुंबले म्हणजे ते मोकळे करण्यास कोणाला तरी बोलावे लागते. तो कोण, तो कसा उतरणार, त्याच्यापाशी कोणती साधने आहेत, हे विचारणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अजव्याचा बांध घालणाऱ्यांनी पुढच्या पिढ्यांचा विचार केला, म्हणून आजही उताराने येणारे ते पाणी शहरास मिळते. ते पाणी घराबाहेर पडल्यावर त्याचे काय करावयाचे, हे काम मात्र त्यांनी पुढच्यांसाठी ठेवले. ते आजच्या पिढीकडे आलेले आहे. विश्वामित्रीच्या काठी खालच्या अंगास जी गावे आहेत, त्यांनाही तहान आहे. शहराच्या मोरीतून निघालेले पाणी त्यांच्या दारापर्यंत कसे पोहोचते, यावरून शहराची परीक्षा होणार आहे.